पंचविसावा मॉप

हॉस्पिटलात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. पाठीमागे, अर्थातच. समोर ‘मोठ्या सिस्टर’. ऑपरेशन थिएटरमध्ये तिची सत्तावीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची अकरा प्रमुख नर्स म्हणून. सुई असो, चिमटा असो, कापडाची घडी असो, तिच्या मोजणीत कधी चूक निघाली नव्हती. हे खरंच होतं. पण खरी गोष्टसुद्धा माणसाने किती वेळा सांगावी याला काही सुमार असतो. ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची, जुन्यांना अधूनमधून सांगायची, आणि रागावली की सगळ्यांना एकदम सांगायची.

रागवायची बऱ्याचदा. ट्रेवर कात्री उलटी ठेवली म्हणून एका मुलीला तिने सगळ्यांदेखत रडवलं होतं. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे असं म्हटलं की कुठलाही राग शोभून दिसतो, हे तिला नीट कळलेलं होतं.

घरी दोघीच, ती आणि तिच्या मोठ्या जाऊबाई. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मुलगी शिकायला लांब. थोरले दीर वारल्यापासून जाऊबाई तिच्याकडेच असायच्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा होता: रामाची जुनी तसबीर, लखलखीत निरांजन, तीन फुलं आणि तिन्हींचे देठ एकाच दिशेला. पहाटे आंघोळ करून ती जपाला बसे. तेरा माळा. झालेला जप तारीखवार वहीत लिहून ठेवी. अशा सात वह्या भरल्या होत्या. जाऊबाईंचा सगळा कारभार उलटा. भाजी चिरताना, केर काढताना, नळाखालची बादली भरून वाहत असतानाही त्यांच्या तोंडी आपलं राम राम. माळ हरवली होती तिला वर्षं झाली.

“ताई, असा जप देवापर्यंत पोचतो तरी का?” तिने एकदा विचारलं होतं.

“नाही पोचला तर येईल की माघारी माझ्याकडेच,” जाऊबाई म्हणाल्या आणि हसत पुढचं वांगं चिरायला घेतलं.

माणसाच्या आतले सहा शत्रू तिला प्रवचनं ऐकून ऐकून पाठ होते: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. ते तिने मनातल्या मनात वाटूनही टाकले होते. लोभ मेट्रनबाईंना, मद तमाम सर्जन लोकांना, मत्सर शेजारच्या वॉर्डातल्या दोघींना. स्वतःच्या वाट्याला तिने फार तर थोडा क्रोध ठेवला होता, तोही कामापुरता.

मग थिएटरला चष्मेवाली आली.

बारीक चणीची, तिशीची नर्स. बोलणं कमी आणि हात चपळ. सर्जनने हात पुढे करायच्या आत हवं ते हत्यार त्याच्या तळव्यात पडलेलं असे. दोन महिन्यांत मोठे सर्जन सकाळी आल्या आल्या विचारायला लागले, “आज चष्मेवाली आहे ना?” एवढंसं वाक्य, पण ते ऐकलं की मोठ्या सिस्टरच्या छातीत काहीतरी टोचे. ती त्याला शिस्तीची काळजी म्हणायची. तिने चष्मेवालीला टेबलाजवळून काढून बाहेरच्या कामाला लावलं: पाकिटं फोडून देणं, फळ्यावर आकडे लिहिणं, रक्ताच्या बाटल्या आणणं.

त्या मंगळवारी टेबलावर लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई होती. वय पंचेचाळीस. पोटातली मोठी गाठ काढायची होती. अशा ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जाड कापडी घड्या लागतात, त्यांना मॉप म्हणतात. एका पाकिटात पाच. पाकीट फोडलं की तिथल्या तिथे पाच मोजायचे, फळ्यावर लिहायचे, आणि पोट शिवण्याआधी सगळे परत मोजून आकडा जुळवायचा. मोठी सिस्टर हातमोजे घालून टेबलापाशी उभी होती आणि चष्मेवाली फळ्यापाशी.

दीड तास सुरळीत गेला. मग एक रक्तवाहिनी निसटली. बघता बघता पोट भरून आलं.

“मॉप! आणखी द्या!” सर्जन ओरडले.

“पाकीट फोड, लवकर!” सिस्टर ओरडली. चष्मेवालीने पाचवं पाकीट फोडून ट्रेवर सोडलं. सिस्टरने ते तसंच्या तसं उचलून पुढे केलं.

“सिस्टर, मोजले?”

“लिही पाच! आणि रक्त आण, पळ.”

फळ्यावर पंचवीस आकडा पडला. पंधरा मिनिटांनी रक्त थांबलं. सर्जनने मान मागे टाकून श्वास सोडला, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी प्रेशर ठीक असल्याचं सांगितलं. आता शिवायचं. सिस्टरने वापरलेले मॉप मोजले. चोवीस.

पुन्हा मोजले. चोवीसच. चष्मेवालीने बादली पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं, चादरी झटकल्या.

“एक कमी आहे सर,” ती म्हणाली.

सर्जनने पोटात हात फिरवला. “मला काही लागत नाही. सिस्टर?”

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. ‘शेवटचं पाकीट मी मोजलं नव्हतं.’ चार-पाच शब्द होते. ते जिभेपर्यंत आलेही. पण समोर चष्म्याच्या काचांमागून ते दोन डोळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांसमोर तिला ते शब्द उच्चारवेनात.

“शेवटच्या पाकिटात चारच होते,” ती म्हणाली. “मी मोजले होते.”

तिचं तिलाच नवल वाटलं. आवाज जराही हलला नव्हता.

“मग मला पाच लिहायला का सांगितलंत?” चष्मेवालीने विचारलं.

“रक्त वाहत असताना तुझ्याशी हिशेब घालत बसू? सत्तावीस वर्षं झाली मला. तू शिकवणार मोजायला?”

“सिस्टर म्हणतात तर चारच असणार,” सर्जन म्हणाले. “टाके द्या.”

पोट शिवायला वीस मिनिटं लागली. शेवटचा टाका पडला तसं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी औषध कमी करायला घेतलं, तर चष्मेवाली त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“सर, जागं करू नका. आधी एक्स-रे काढू. मॉपमध्ये निळा धागा असतो, तो एक्स-रेत उमटतो.”

“अगं, सिस्टरनी सांगितलं ना?” सर्जन वैतागले.

“हो सर. मला हवं तर मेमो द्या. पण एक्स-रे काढा.”

तिचा आवाज कापत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. “पाच मिनिटांचं काम आहे,” ते म्हणाले. “काढून टाकू. माझ्याही जिवाला घोर नको.”

फिरतं मशीन आलं. सिस्टर भिंतीला पाठ लावून उभी होती. सवयीने मनात नाम सुरू केलं तर त्यातून दुसरीच मागणी बाहेर पडायला लागली. रामा, काही दिसू देऊ नकोस. ही तोंडावर पडू दे. मग तिला कळलं की आपण काय मागतोय, आणि ती दचकली.

पडद्यावर फासळ्यांच्या खाली, यकृताच्या कडेमागे, एक वेडीवाकडी पांढरी रेघ होती. धागा.

सर्जन आणि सिस्टर पुन्हा हात धुऊन टेबलापाशी आले. घातलेले टाके उसवले. मॉप यकृतामागे घडी होऊन बसला होता. तो निघाला तेव्हा बाईचं प्रेशर इतकं घसरलं की भूल देणारे डॉक्टर आकडे मोठमोठ्याने सांगू लागले. सत्तर. साठ. साठच. पासष्ट. सिस्टरचे हात काम करत होते. ते चुकत नव्हते, आणि त्या क्षणी तिला त्या हातांची किळस आली.

बाई जगली. पण पाच दिवस आयसीयूत राहिली, त्यातले दोन श्वासाच्या नळीवर. ते दोन दिवस सिस्टर दर तासाला आयसीयूच्या दाराशी जायची, काचेतून पाहायची आणि आत न जाता परत फिरायची. बाहेरच्या बाकावर त्या बाईची बहीण बसलेली असायची. ती एकदा उठून म्हणाली, “सिस्टर, तुम्ही फार जीव लावताय हो.” त्यावर सिस्टरने काय उत्तर दिलं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

चौकशी शुक्रवारी ठेवली होती. गुरुवारी सर्जनने तिला बाजूला घेतलं. “घाबरू नका. कंपनीच्या पाकिटात कमी-जास्त होतं कधीकधी. मोजायची जबाबदारी दोघींची असते. फळ्यावर पाच कुणी लिहिलं? तिने. थोडं तिच्यावर जाईल, थोडं कंपनीवर. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही.”

तिने मान हलवली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

शुक्रवारी पहाटे ती नेहमीसारखी देव्हाऱ्यासमोर बसली. माळ हातात घेतली. पहिला मणी ओढला आणि बोट पुढे सरकेना. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. जाऊबाई ओट्याशी चहाचं आधण ठेवत होत्या. तिला हुंदका आला तशा त्या वळल्या.

“ताई, मी काय कमी केलं हो?” ती म्हणाली. “सात वह्या भरल्या. एक दिवस चुकवला नाही. आणि देवाने माझ्यावरच असा दिवस आणावा?”

जाऊबाईंनी गॅस बारीक केला. त्यांना मंगळवारचं सगळं माहीत होतं. तिने सांगितलं नव्हतं, पण झोपेत बडबडली होती.

“देवाने तुला काय केलं गं?” त्यांनी विचारलं. “झालं ते त्या बाईला ना?”

तिने पदराने डोळे पुसले.

“मला तुझ्यासारखं मोजता येत नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “म्हणून मी मोजत नाही. जाऊन त्याच्या पायाशी बसते. सांगते, बाबा रे, आज हे चुकलं, ते चुकलं, आज शेजारणीचा हेवा वाटला. तू असं काही सांगतेस का त्याला? मला तर नेहमी वाटतं, तू रोज त्याला तुझं प्रगतिपुस्तक दाखवायला जातेस.”

आधणाला उकळी फुटली तशा त्या वळल्या. त्यांनी चहापूड टाकली. सिस्टरने माळ खाली ठेवली. जमिनीवर कपाळ टेकलं. अशी ती किती वर्षांत वाकली नव्हती; नमस्कार करायची तो ताठ बसून, हात जोडून. मनात एकही प्रार्थना सुचेना. आधी चष्मेवालीचा हेवा आला, उघडा, नाव-गावासकट. मागोमाग खोटं बोलतानाचा तो स्थिर आवाज आला. सगळ्यांत शेवटी, एक्स-रेसमोर मागितलेलं ते मागणं. सहा शत्रू तिने जगाला वाटून टाकले होते, आणि ते सगळे तिच्याच घरी वस्तीला होते. “हे माझं आहे,” ती पुटपुटली. “मला नाही आवरत. तू आवर.”

मेट्रनबाईंच्या खोलीत पाच जण होते. चष्मेवाली कडेच्या खुर्चीवर, हातातला रुमाल पिळत. सर्जनने आपली बाजू मांडली, पाकिटांचा विषय काढला. मेट्रनबाई सिस्टरकडे वळल्या.

“तुम्ही मोजले होते आणि ते चार होते. बरोबर?”

तिच्या आत कुणीतरी चांगलंच शहाणपण सांगत होतं: तुझं नाव गेलं तर थिएटरची शिस्त जाईल, हिचं वय लहान आहे, ही सावरेल. किती समजूतदार आवाज होता तो! तिने खुर्चीचा हात धरला.

“नाही,” ती म्हणाली. “मी मोजले नव्हते.”

सर्जनने चमकून पाहिलं.

“मोजले नव्हते, आणि मोजले असं खोटं सांगितलं. हिने विचारलं तेव्हा हिला गप्प केलं. ही हटली नाही म्हणून ती बाई जिवंत आहे. फळ्यावर पाच लिहायलाही मीच सांगितलं होतं.”

मेट्रनबाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, “हे असंच लिहू?”

“असंच लिहा.”

तिचं प्रमुखपद वर्षभरासाठी गेलं. नोंद कायमची लागली. ती बाहेर आली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं तिला काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी ती त्या इस्त्रीवाल्या बाईच्या खाटेशी गेली. बाई उशीला टेकून बसली होती. सिस्टरने सगळं सांगितलं, काही न गाळता, आणि हात जोडले.

बाईने चादर पोटावर ओढून घेतली. “झालं तुमचं सांगून?” ती म्हणाली. “तुम्ही माफी मागून मोकळ्या व्हाल सिस्टर. मी काय करू? कुशीवर वळले तर पोटात ओढ बसते. मी दिवसाचे दहा तास उभी राहून काम करणारी बाई. आता कधी उभी राहणार, कुणास ठाऊक. जा तुम्ही. पुन्हा येऊ नका.”

ती उठली. जिना उतरताना तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की आपण एवढं नाक घासलं तरी हिचं समाधान नाही! ती जिन्यातच थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. अजून मोजतेच आहे मी, तिला वाटलं. माफी किती मागितली, आणि मिळाली किती. “रामा, हेही बघ,” ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या सावकाश उतरली. त्या खाटेकडे ती पुन्हा गेली नाही. जावंसं फार वाटायचं. येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते पाळलं.

वर्षभर तिची बदली तळमजल्यावर झाली, जिथे थिएटरचे कपडे आणि हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात. दिवसभर मॉपच्या घड्या घालायच्या, डबे भरायचे, मशीनमध्ये सरकवायचे. वर थिएटरची तात्पुरती प्रमुख म्हणून चष्मेवालीला नेमलं होतं. जुन्या नर्स सिस्टरकडे कीव करत बघायच्या, आणि रागापेक्षा ती कीव जास्त झोंबायची. घरी तिने आठवी वही सुरू केली नाही. सकाळी ती जाऊबाईंशेजारी मटार सोलत बसे आणि नाम घेई. कधी दहा वेळा, कधी मन भरकटून दोनदाच. भरकटलं की तेही सांगून टाकी.

तळमजल्यावरच तिची खरी परीक्षा झाली. एका दुपारी वरून भरलेला डबा परत आला, सोबत चिठ्ठी: ‘पट्टीचा रंग बदललेला नाही. नीट निर्जंतुक झालेलं नाही. पुन्हा करा.’ खाली चष्मेवालीची सही. डब्यावर एक पट्टी चिकटवलेली असते, वाफ पुरेशी लागली की ती काळी पडते. सिस्टरने डबा फिरवून पाहिला. पट्टी काळी ठिक्कर होती. मागच्या बाजूला लावलेली होती, एवढंच. चष्मेवालीने समोर जुन्या पट्टीचा चिकटलेला, विटून फिका पडलेला तुकडा पाहिला होता आणि घाईत चिठ्ठी लिहिली होती.

चूक तिची होती! सिस्टरच्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं. तिने डबा उचलला आणि तडक निघाली. लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढली. वाक्यं एकामागून एक तयार होत होती, आणि एकाहून एक धारदार. थिएटरच्या बाहेरच्या खोलीत सर्जन होते, भूल देणारे डॉक्टर होते, चार मुली होत्या. मधोमध चष्मेवाली. याहून चांगली वेळ मिळाली नसती. तिने तोंड उघडलं.

चष्मेवालीने वर पाहिलं आणि तिच्या हातातला डबा पाहून तिचा चेहरा पडला. पूर्वी मोठ्या सिस्टर आल्या की मुलींचे चेहरे असेच पडायचे. तेव्हा तिला त्यात आपला दरारा दिसायचा. आज तिला नुसती भीती दिसली, एका दमलेल्या, कामसू मुलीची भीती.

राम, ती मनात म्हणाली. राम. राम. डबा जड लागायला लागला होता.

“जरा येतेस?” तिने विचारलं. “दोन मिनिटं. काम आहे.”

पॅसेजमध्ये नेऊन तिने डबा फिरवला आणि मागची पट्टी दाखवली. चष्मेवाली कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे देवा! सिस्टर, मी बघितलंच नाही.”

“समोर जुना तुकडा राहिला होता, तो मी काढायला हवा होता,” सिस्टर म्हणाली. “आणि शंका आली की असाच परत पाठवत जा. माझा असला तरी.”

तळमजल्यावर येऊन ती स्टुलावर बसली. मेट्रनबाईंसमोर खरं सांगणं याच्यापुढे सोपं होतं, असं ती पुढे जाऊबाईंना म्हणाली.

वर्ष संपलं, तिला जागा परत मिळाली. राग गेला नव्हता. तो यायचा, ओठांपर्यंत यायचा, आणि पुष्कळदा तिथून परत जायचा. कधी बाहेरही पडायचा. पडला की ती संध्याकाळच्या आत त्या मुलीला गाठून म्हणायची, “माझं चुकलं.” पहिल्यांदा ऐकून मुली घाबरायच्या. मोजपट्टी हे नाव मात्र टिकलं. आता ते तिच्या तोंडावर घेतात.

दोन वर्षांनी चष्मेवालीने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात प्रमुखपदासाठी अर्ज केला. शिफारसपत्र सिस्टरने द्यायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती कागद घेऊन बसली. कामात हुशार, वक्तशीर, हात स्थिर, असं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘स्वभावाने किंचित हट्टी’. वाचून पाहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण तो शब्द कुठून आला ते तिला कळलं. असा एखादाच शब्द पुरतो, आणि लिहिणाऱ्याला कुणी दोष देत नाही. इतक्या दिवसांनीही तो हेवा आत बसलेलाच होता, आणि आता पेनातून उतरत होता.

तिने डोळे मिटले. नवीन काही मागितलं नाही. नेहमीचंच म्हटलं, हे माझं आहे, तू बघ.

मग तिने दुसरा कागद घेतला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘एकदा ऑपरेशनच्या वेळी मी चुकले आणि खोटं बोलले. हिने मला अडवलं. त्यामुळे एका रुग्णाचा जीव वाचला.’ खाली आपलं पद लिहिलं, सही केली.

ऑफिसातल्या क्लार्कने पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “अहो सिस्टर, शिफारसपत्रात असं कुणी स्वतःबद्दल लिहितं का? दुसरं लिहून द्या.”

“हेच जाऊ दे,” ती म्हणाली. “शिक्का जरा ठळक मारा, मागच्या वेळी पुसट आला होता.”

आणि ती तीनच्या ऑपरेशनला निघून गेली.